वेक-ऑन-लॅन

वेक-ऑन-लॅन हे बंद केलेला किंवा निद्रावस्थेत गेलेला संगणक नेटवर्कवरून पाठवलेल्या संदेशाद्वारे सुरू करण्याचे तंत्र आहे. 'लॅन' हे स्थानिक नेटवर्कचे, म्हणजे एखाद्या घरातील, कार्यालयातील किंवा संस्थेतील संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या जाळ्याचे प्रचलित संक्षिप्त नाव होय. या तंत्रात वापरल्या जाणाऱ्या विशिष्ट रचनेच्या संदेशाला 'मॅजिक पॅकेट' असे म्हणतात.

हा संदेश पाठवणारे लहान प्रोग्रॅम विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे वेक-ऑन-लॅन ही केवळ सॉफ्टवेअरमधील एक सोय आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात संगणक जागा होईल की नाही हे प्रामुख्याने त्याच्या हार्डवेअरवर अवलंबून असते. संदेश येऊन पोहोचतो त्या वेळी प्रोसेसर, हार्डडिस्क व ऑपरेटिंग सिस्टिम यांपैकी काहीही चालू नसते. संदेश ऐकणे, तो आपल्यासाठी आहे हे ओळखणे आणि संगणकाचा मुख्य वीजपुरवठा सुरू करवणे ही तिन्ही कामे अत्यल्प विजेवर जाग्या राहिलेल्या मोजक्या भागांना करावी लागतात. एसएमपीएस, मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड, बायोस आणि नेटवर्क स्विच हे या साखळीचे दुवे होत. यांपैकी एक दुवा जरी तुटला, तरी संदेश कितीही वेळा पाठवला तरी संगणक सुरू होत नाही. दूरच्या गावी असलेला संगणक जागा झाला नाही, तर तेथे जाऊन बटण दाबण्याखेरीज अनेकदा उपाय उरत नाही. म्हणून ही साखळी आधीच तपासून घेणे आवश्यक असते.

'बंद' संगणकाच्या अवस्था

व्यवहारात संगणक 'चालू' किंवा 'बंद' असतो असे म्हटले जाते. तांत्रिक दृष्ट्या मात्र बंद असण्याच्या अनेक अवस्था आहेत. १९९६ च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' हे वीजव्यवस्थापनाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात या अवस्थांना क्रमांक दिलेले आहेत.

• एस० : संगणक पूर्णपणे चालू.
• एस३ : निद्रावस्था. मुख्य मेमरीतील मजकूर जपण्यापुरती वीज चालू राहते. प्रोसेसर व डिस्क बंद असतात.
• एस४ : हायबरनेट. मेमरीतील मजकूर डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि मेमरीची वीजही बंद होते.
• एस५ : 'शट डाउन' केल्यानंतरची अवस्था. काहीही जपून ठेवलेले नसते, परंतु एसएमपीएसला भिंतीवरील प्लगमधून वीज मिळत असते.
• जी३ : वीजपुरवठा मुळातूनच तोडलेला. प्लग काढलेला किंवा मागील बटण बंद केलेले असते.

वेक-ऑन-लॅन एस३, एस४ आणि एस५ या अवस्थांतून शक्य असते. जी३ मधून ते कधीही शक्य नसते. या तंत्राने सुरू होऊ शकणारा संगणक खऱ्या अर्थाने पूर्ण बंद कधीच नसतो. घरातील सर्वांनी निजावे आणि ओसरीवर एकाने जागे राहावे, अशी ती व्यवस्था आहे. त्या एकाला जागे राहण्यासाठी लागणारी शिदोरी म्हणजे 'स्टँडबाय' वीज होय.

इतिहास

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत वैयक्तिक संगणकांत 'एटी' पद्धतीचा वीजपुरवठा असे. त्याचे बटण थेट मुख्य वीज तोडत असे, त्यामुळे संगणक बंद झाल्यावर कोणताही भाग जागा राहत नसे. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे मानक मांडले. त्यात संगणकाचे बटण मुख्य वीज न तोडता मदरबोर्डला केवळ सूचना देते आणि मदरबोर्ड एसएमपीएसला सुरू वा बंद होण्यास सांगतो. संगणक बंद असतानाही ५ व्होल्टची एक स्वतंत्र वाहिनी चालू ठेवण्याची तरतूद या मानकात होती. तिच्यामुळे दूरस्थ जागृतीचा मार्ग मोकळा झाला.

मॅजिक पॅकेटची कल्पना एएमडी व ह्युलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी विकसित केली. तिचे विवेचन करणारी एएमडीची पुस्तिका नोव्हेंबर १९९५ ची आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये इंटेल व आयबीएम यांनी मोठ्या संस्थांतील संगणकांची देखभाल सुलभ करण्यासाठी युती केली आणि एप्रिल १९९७ मध्ये या युतीने 'वेक-ऑन-लॅन' हे तंत्र सादर केले. शेकडो संगणक असलेल्या कार्यालयात नवे सॉफ्टवेअर बसवणे किंवा दुरुस्त्या करणे ही कामे रात्री, कर्मचारी घरी गेल्यावर करावी लागत. त्यासाठी प्रत्येक टेबलापर्यंत जाऊन संगणक सुरू करण्याचे श्रम वाचवणे हा मूळ हेतू होता.

मॅजिक पॅकेटची रचना

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा, म्हणजे ६ बाइटांचा एक पत्ता असतो. त्यास 'मॅक पत्ता' म्हणतात. मॅजिक पॅकेटमध्ये आरंभी सर्व बिट १ असलेले ६ बाइट असतात. षोडशमान अंकलेखनात असा बाइट 'एफएफ' असा लिहितात. त्यांच्यामागे ज्या संगणकाला जागे करायचे त्याचा मॅक पत्ता सलग १६ वेळा लिहिलेला असतो. अशा रीतीने ६ अधिक ९६ मिळून १०२ बाइट होतात. काही कार्डे त्यापुढे ४ किंवा ६ बाइटांचा एक परवलीचा शब्दही स्वीकारतात.

पत्त्याची १६ वेळा पुनरुक्ती करण्यामागे कारण आहे. निद्रिस्त संगणकात संदेशाचा अर्थ लावणारे सॉफ्टवेअर चालू नसते. कार्डावरील साधे मंडल येणाऱ्या बाइटांच्या ओघात केवळ हा साचा शोधत असते. इतकी दीर्घ पुनरुक्ती अन्य संदेशात योगायोगाने आढळण्याची शक्यता जवळजवळ नसल्याने चुकून जागे होण्याचे प्रसंग टळतात. साचा संदेशात कोठेही असला तरी चालतो. म्हणून मॅजिक पॅकेट बहुधा 'यूडीपी' पद्धतीने ७ किंवा ९ क्रमांकाच्या पोर्टकडे पाठवतात, तरी त्या क्रमांकाला स्वतंत्र महत्त्व नसते.

निद्रिस्त संगणकाचा आयपी पत्ता इतर यंत्रांच्या स्मरणात काही काळच राहतो. त्यामुळे हा संदेश सामान्यतः एका यंत्राला उद्देशून न पाठवता नेटवर्कवरील सर्वांना एकदम पाठवला जातो. ज्याचा पत्ता जुळतो तेवढेच कार्ड प्रतिसाद देते. संदेश मिळाल्याची पोच मात्र पाठवणाऱ्याला मिळत नाही.

जागृतीचा क्रम

संदेश आल्यापासून संगणक सुरू होईपर्यंत पुढील घटना क्रमाने घडतात.

१. नेटवर्क कार्ड स्टँडबाय विजेवर येणारे संदेश तपासत असते व त्यात आपल्या पत्त्याचा साचा ओळखते.
२. कार्ड मदरबोर्डला 'पीएमई' नावाचा जागृती-संकेत देते. पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉटमधील कार्ड हा संकेत 'वेक' नावाच्या स्वतंत्र पिनवरून देते.
३. मदरबोर्डवरील चिपसेट हा संकेत मान्य करायचा की नाही हे बायोसमधील सेटिंगनुसार ठरवतो.
४. संकेत मान्य झाल्यास मदरबोर्ड एसएमपीएसला मुख्य वीज सुरू करण्याचा आदेश देतो. २४ पिनांच्या मुख्य कनेक्टरमधील १६ क्रमांकाच्या पिनेवरील हिरवी तार या आदेशासाठी असते.
५. एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या मुख्य वाहिन्या सुरू करतो व व्होल्टेज स्थिर झाल्यावर 'वीज ठीक आहे' असा संकेत परत पाठवतो. एटीएक्स मानकानुसार या संकेताला १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात.
६. प्रोसेसर कामास लागतो आणि संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो.

पॉवर बटण दाबल्यावरही चौथ्या पायरीपासून हेच घडते. पहिल्या तीन पायऱ्या मात्र वेक-ऑन-लॅनच्या खास आहेत आणि बहुतेक अपयशांचे मूळ तेथेच आढळते.

हार्डवेअरविषयक आवश्यकता

एसएमपीएस

एसएमपीएस एटीएक्स किंवा तत्सम पद्धतीचा असावा लागतो आणि त्याची स्टँडबाय वाहिनी पुरेशा क्षमतेची असावी लागते. ही ५ व्होल्टची वाहिनी २४ पिनांच्या कनेक्टरमधील ९ क्रमांकाच्या पिनेवर असते व तिची तार जांभळी असते. एसएमपीएसच्या लेबलवर तिची क्षमता अँपिअरमध्ये छापलेली असते.

आरंभीच्या एटीएक्स संचांत ही वाहिनी अगदी दुबळी असे; पॉवर बटणाच्या मंडलापुरतीच वीज तीतून मिळे. इंटेलच्या तत्कालीन मदरबोर्डांच्या पुस्तिकांत वेक-ऑन-लॅनसाठी ही वाहिनी ७२० मिलिअँपिअर देऊ शकली पाहिजे, अन्यथा एसएमपीएसला इजा पोहोचू शकते, अशी सूचना आढळते. आजच्या संचांवर ही क्षमता सामान्यतः २ ते ३ अँपिअर असते, त्यामुळे नव्या संगणकात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या संचात मात्र तो उद्भवू शकतो. स्टँडबाय वाहिनीवर नेटवर्क कार्डाबरोबरच यूएसबी पोर्टवर चार्ज होणारी उपकरणे व निद्रावस्थेतील मेमरी यांचाही भार असतो. 'एटीएक्स१२व्हीओ' या नव्या पद्धतीत ५ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची स्टँडबाय वाहिनी असते. तत्त्व तेच राहते.

मदरबोर्ड

मदरबोर्डने दोन गोष्टी कराव्या लागतात : संगणक बंद असताना नेटवर्क कार्डापर्यंत स्टँडबाय वीज पोहोचवणे आणि कार्डाकडून आलेला संकेत एसएमपीएसपर्यंत नेणे.

आरंभीच्या काळात पीसीआय स्लॉटमध्ये या दोन्ही गोष्टींची सोय नव्हती. त्यामुळे कार्ड व मदरबोर्ड यांना जोडणारी तीन तारांची एक छोटी केबल लावावी लागे. तिच्या एका तारेतून ५ व्होल्टची स्टँडबाय वीज कार्डाकडे जाई, दुसरी तार अर्थिंगची असे आणि तिसरीतून जागृती-संकेत परत येई. मदरबोर्डवर या केबलसाठी 'डब्ल्यूओएल' अशी अक्षरे छापलेली तीन पिनांची जागा असे. जुने संगणक वापरात असलेल्या ठिकाणी कार्ड बसवलेले असूनही ही केबल जोडलेली नाही, असे अजूनही आढळू शकते.

डिसेंबर १९९८ मधील पीसीआय मानकाच्या २.२ या आवृत्तीने ही गरज दूर केली. स्लॉटमध्येच ३.३ व्होल्टची सहायक वीजवाहिनी आणि 'पीएमई' संकेताची पिन देण्यात आली. संगणक जागा करण्यास सिद्ध असलेल्या कार्डाला या वाहिनीतून कमाल ३७५ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे १.२४ वॅट वीज घेता येते. इतर कार्डांना केवळ २० मिलिअँपिअरची मुभा असते. पीसीआय-एक्स्प्रेसमध्येही अशीच सहायक वाहिनी आहे. तथापि प्रत्येक मदरबोर्ड प्रत्येक स्लॉटला एस५ अवस्थेत ही वीज देतोच असे नाही. काही मदरबोर्ड ती केवळ निद्रावस्थेत देतात. म्हणून वेगळे कार्ड विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डची पुस्तिका पाहणे श्रेयस्कर ठरते.

नेटवर्क कार्ड

कार्डाच्या चिपमध्ये मॅजिक पॅकेट ओळखण्याचे मंडल असावे लागते. अलीकडच्या मदरबोर्डांवर नेटवर्क चिप आधीच बसवलेली असते आणि तीत ही सोय बहुधा असते. स्टँडबाय विजेची जोडणीही कारखान्यातच झालेली असते. त्यामुळे वेगळ्या कार्डापेक्षा मदरबोर्डवरील पोर्ट हा अधिक भरवशाचा पर्याय मानला जातो. सर्व्हरसाठी बनवलेल्या १० गिगाबिट वेगाच्या काही कार्डांत ही सोय नसते किंवा त्यांच्या एकाच पोर्टवर असते.

यूएसबी पोर्टला जोडायच्या नेटवर्क अडॅप्टरसाठी आणखी दोन अटी आहेत : संगणक बंद असताना त्या यूएसबी पोर्टला वीज मिळत राहिली पाहिजे आणि यूएसबीवरून आलेला जागृती-संकेत मदरबोर्डने स्वीकारला पाहिजे. निद्रावस्थेतून हे अनेकदा साधते. 'शट डाउन' केल्यानंतर क्वचितच साधते.

संगणक बंद होताना ऑपरेटिंग सिस्टिमने कार्डाला जागे राहण्याची सूचना दिलेली असणेही आवश्यक असते. विंडोजमध्ये ही सेटिंग डिव्हाइस मॅनेजरमधील नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत असते, तर लिनक्समध्ये 'एथटूल' या आज्ञेने ती पाहता व बदलता येते. विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीत नेहमीचे 'शट डाउन' ही प्रत्यक्षात एस४ ची एक मिश्र अवस्था असते आणि तीत विंडोज कार्डाला जागृतीसाठी सिद्ध करत नाही. हार्डवेअर सुयोग्य असूनही संगणक जागा न होण्याचे हे एक वारंवार आढळणारे कारण आहे.

बायोस

जागृती-संकेत मान्य करण्याची परवानगी बायोसमध्ये, म्हणजे आजच्या यूईएफआयमध्ये, द्यावी लागते. निरनिराळे उत्पादक या सेटिंगला निरनिराळी नावे देतात : 'वेक ऑन लॅन', 'रिझ्यूम बाय लॅन', 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई', 'पीएमई इव्हेंट वेक अप' इत्यादी.

याच्या उलट परिणाम करणारी एक सेटिंगही असते. युरोपीय संघाच्या २००८ मधील १२७५ क्रमांकाच्या नियमाने घरगुती व कार्यालयीन विद्युत उपकरणांनी बंद अवस्थेत घ्यावयाच्या विजेवर जानेवारी २०१० पासून १ वॅट आणि जानेवारी २०१३ पासून अर्धा वॅट अशी मर्यादा घातली. तिची पूर्तता करण्यासाठी उत्पादकांनी बायोसमध्ये 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' या नावांची सेटिंग दिली. ती सुरू केल्यास संगणक बंद असताना नेटवर्क कार्डाची स्टँडबाय वीजही तोडली जाते आणि वेक-ऑन-लॅन निरुपयोगी होते. दोन्ही सेटिंग एकाच वेळी सुरू दिसल्या तरी वीज तोडणारी सेटिंगच प्रभावी ठरते.

मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपली असल्यास अनेक संगणकांत वीज गेल्यानंतर बायोसमधील सेटिंग मूळपदावर जातात व दिलेली परवानगी नाहीशी होते. संगणकाचे घड्याळ वारंवार चुकणे ही या दोषाची ओळखीची खूण होय.

स्विच व केबल

संगणक ज्या स्विचला किंवा राउटरला केबलने जोडलेला आहे, तो सतत चालू असावा लागतो. रात्री स्विचची वीज बंद केली तर संदेश कार्डापर्यंत पोहोचतच नाही. वीज वाचवण्यासाठी निद्रिस्त कार्ड आपला वेग बहुधा १० किंवा १०० मेगाबिटपर्यंत उतरवते. त्यामुळे स्विचच्या पोर्टनेही हा कमी वेग स्वीकारणे आवश्यक असते. पोर्टचा वेग १ गिगाबिटवर कायम केलेला असल्यास, किंवा स्विच १० मेगाबिटचा वेग मानत नसल्यास, संगणक बंद होताच जोडणी तुटते. अशा वेळी कार्डाच्या सेटिंगमध्ये बंद अवस्थेतील वेग बदलून पाहतात.

लॅपटॉप आणि बिनतारी जोडणी

लॅपटॉपमध्ये स्टँडबाय विजेचा स्रोत बॅटरी असतो. ती रिकामी होऊ नये म्हणून अनेक लॅपटॉप चार्जर जोडलेला असतानाच वेक-ऑन-लॅनला परवानगी देतात.

वाय-फायवरून संगणक जागा करणे केबलच्या मानाने कठीण असते. वाय-फाय कार्डाला केवळ ऐकत राहून भागत नाही. राउटरशी असलेली जोडणी टिकवावी लागते आणि संदेश सांकेतिक स्वरूपात येत असल्याने तो उलगडण्याच्या किल्ल्याही जपाव्या लागतात. यासाठी कार्ड, मदरबोर्ड व ड्रायव्हर या तिन्हींत खास सोय असावी लागते. ती असल्यास निद्रावस्थेतून संगणक जागा होऊ शकतो; 'शट डाउन' झाल्यावर ही जोडणी सामान्यतः संपुष्टात येते. म्हणून खात्रीची दूरस्थ जागृती हवी असेल तेथे केबलचीच जोडणी वापरतात.

अखंड वीजपुरवठ्याचा प्रश्न

भारतात भिंतीवरील प्लग पॉइंटला बहुधा स्वतंत्र बटण असते आणि काम संपल्यावर ते बंद करण्याची सवय सर्वत्र आहे. शाळांच्या संगणक कक्षांत तास संपल्यावर संपूर्ण खोलीचा मेन स्विच खाली करण्याची पद्धतही आढळते. सुरक्षिततेच्या व काटकसरीच्या दृष्टीने ही सवय योग्य आहे. मात्र तीमुळे संगणक जी३ अवस्थेत जातो आणि वेक-ऑन-लॅनची शक्यता संपते. हे तंत्र वापरावयाचे असल्यास संगणक व स्विच यांची वीज इतर दिवे-पंख्यांपासून वेगळ्या बटणावर घेणे आणि ते बटण बंद न करण्याविषयी संबंधितांना कल्पना देणे आवश्यक ठरते.

भारनियमनामुळे किंवा बिघाडामुळे वीज जाऊन परत आल्यास दुसरी अडचण उद्भवते. काही संगणकांत कार्डाला दिलेली जागे राहण्याची सूचना वीज जाताच पुसली जाते आणि संगणक एकदा हाताने सुरू करून व्यवस्थित बंद केल्याशिवाय ती पुन्हा लागू होत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे संगणक व स्विच दोन्ही यूपीएसवर ठेवणे. दुसरा म्हणजे वीज परत येताच संगणक आपोआप सुरू होईल अशी सेटिंग बायोसमध्ये करणे. ही सेटिंग बहुधा 'एसी पॉवर लॉस' या शब्दांनी दर्शवलेली असते.

राउटरपलीकडून जागृती

सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश राउटर सामान्यतः आपल्या पलीकडे जाऊ देत नाही. पूर्वी बाहेरून एखाद्या संपूर्ण नेटवर्कला उद्देशून संदेश पाठवता येत असे. या सोयीचा गैरवापर करून नेटवर्क ठप्प करणारे हल्ले होऊ लागल्याने १९९९ मध्ये इंटरनेटच्या २६४४ क्रमांकाच्या मानकपत्राने राउटरांत ती मूलतः बंद ठेवण्याचे ठरवले.

त्यामुळे दुसऱ्या गावाहून संगणक जागा करण्यासाठी त्या संगणकाच्याच नेटवर्कवर सतत चालू असणारे एखादे यंत्र मध्यस्थ म्हणून वापरतात. मॅजिक पॅकेट पाठवण्याची सोय असलेला राउटर किंवा रास्पबेरी पायसारखा अल्प विजेवर चालणारा छोटा संगणक या कामास पुरतो. वापरकर्ता व्हीपीएनच्या सुरक्षित मार्गाने त्या यंत्रापर्यंत पोहोचतो आणि ते यंत्र स्थानिक नेटवर्कवर संदेश सोडते. संदेशासाठी राउटरचा पोर्ट इंटरनेटवर थेट उघडा ठेवणे टाळावे, असे मानले जाते.

वीजखर्च

जागे राहण्यासाठी लागणारी वीज थोडी असली तरी ती अहोरात्र खर्च होते. १ वॅटचा भार वर्षभर, म्हणजे ८,७६० तास चालू राहिल्यास ८.७६ युनिट वीज लागते. ३० संगणकांच्या कक्षात प्रत्येकी १ वॅट याप्रमाणे वर्षाला सुमारे २६३ युनिट होतात. याउलट, दूरवरून केव्हाही वापरता यावेत म्हणून हेच ३० संगणक रोज रात्री १४ तास चालू ठेवले आणि प्रत्येक संगणक काम नसताना ३० वॅट घेतो असे धरले, तर वर्षाला सुमारे ४,६०० युनिट खर्च होतील.

यावरून या तंत्राचे योग्य स्थान स्पष्ट होते. जे संगणक अन्यथा सतत चालू ठेवावे लागले असते, तेथे ते मोठी बचत करते. जो संगणक नेहमी समोर बसूनच सुरू केला जातो, त्यासाठी ते अनावश्यक आहे. तेथे भिंतीवरील बटण बंद करणे हीच अधिक बचत होय.

सुरक्षितता

मॅजिक पॅकेट कोणी पाठवले याची शहानिशा कार्ड करत नाही. स्थानिक नेटवर्कवर असलेल्या व मॅक पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही संगणक सुरू करता येतो. काही कार्डांत असलेला परवलीचा शब्दही उघड स्वरूपात पाठवला जात असल्याने त्याचे संरक्षण मर्यादित आहे. संगणक सुरू झाला म्हणजे त्यात प्रवेश मिळाला असे नव्हे. लॉगिनचा पासवर्ड अबाधित राहतो. परंतु बंद संगणकावर हल्ला होऊ शकत नाही, हे कवच मात्र गळून पडते. 'रियुक' या खंडणीखोर प्रोग्रॅमने या तंत्राचा वापर करून नेटवर्कवरील निद्रिस्त संगणक जागे केल्याचे व त्यांतील फाइली सांकेतिक करून टाकल्याचे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपशिलांतून उघड झाले. म्हणून गरज नसलेल्या संगणकांवर ही सोय बंद ठेवणे आणि महत्त्वाच्या संगणकांचे नेटवर्क वेगळे करणे हे उपाय योजतात.

दोष शोधण्याचा क्रम

संगणक जागा होत नसल्यास साखळीचे दुवे विजेच्या बाजूने एकेक करून तपासणे सोयीचे असते.

• संगणक बंद केल्यावर मागील नेटवर्क पोर्टचा दिवा पाहावा. स्विचवरील त्याच जोडणीचा दिवाही पाहावा. दोन्ही विझलेले असल्यास कार्डाला स्टँडबाय वीज मिळत नसण्याची किंवा वेग न जुळल्याने जोडणी तुटली असण्याची शक्यता असते.
• दिवा विझलेला असल्यास भिंतीवरील बटण, एसएमपीएसचे मागील बटण, बायोसमधील 'ईआरपी' सेटिंग आणि कार्डाचा बंद अवस्थेतील वेग या क्रमाने पाहावे.
• दिवा लागलेला असूनही संगणक सुरू होत नसल्यास बायोसमधील परवानगी, ऑपरेटिंग सिस्टिममधील कार्डाची सेटिंग आणि 'फास्ट स्टार्टअप' तपासावे.
• निद्रावस्थेतून संगणक जागा होतो, परंतु 'शट डाउन' नंतर होत नाही, असे आढळल्यास एस५ अवस्थेत स्लॉटला वीज मिळत नसण्याची शक्यता विचारात घ्यावी.
• संदेश प्रथम त्याच स्विचला जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून पाठवून पाहावा. तो यशस्वी झाल्यास हार्डवेअर निर्दोष असून अडचण राउटरच्या मार्गात आहे असे समजावे.
• संगणक आपोआप, अवेळी जागा होत असल्यास कार्ड केवळ मॅजिक पॅकेटलाच प्रतिसाद देईल अशी सेटिंग करावी.

दूर असलेल्या संगणकावर विसंबण्यापूर्वी ही चाचणी त्याच्याजवळ असतानाच, निद्रावस्था, 'शट डाउन' आणि वीज जाऊन परत येणे अशा तिन्ही स्थितींत करून पाहणे हितावह असते.

पर्यायी तंत्रे

वेक-ऑन-लॅन संगणक सुरू करते; तो सुरू झाला की नाही हे सांगत नाही आणि अडकलेला संगणक बंदही करू शकत नाही. या उणिवा दूर करणारी अधिक समर्थ, पण अधिक खर्चिक तंत्रे उपलब्ध आहेत. सर्व्हरमध्ये 'आयपीएमआय' या १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार स्वतंत्र देखरेख-चिप असते. ती स्टँडबाय विजेवर चालते व संगणक चालू करणे, बंद करणे आणि त्याच्या स्थितीची माहिती देणे ही कामे करते. इंटेलच्या 'व्हीप्रो' संगणकांतील 'एएमटी' हे तंत्र कार्यालयीन संगणकांसाठी साधारण असेच काम करते. नेटवर्कवरून चालू-बंद करता येणारा प्लग आणि वीज येताच सुरू होण्याची बायोसमधील सेटिंग यांच्या जोडीने कोणताही साधा संगणक दूरवरून सुरू करता येतो. मात्र चालू असलेल्या संगणकाची वीज अशा प्लगने तोडल्यास माहितीची हानी होऊ शकते.

हे सुद्धा पाहा

• इथरनेट
• मॅक पत्ता
• एसएमपीएस
• बायोस
• संगणक नेटवर्क